संध्याकाळी परत बोर्दोला

आमचे शेजारी खांबेटेकाका कुठल्याही प्रवासाची आखणी शेवटाकडून सुरू करतात. कागद घेतात, थेट तळाशी जातात आणि सगळ्यात खालच्या ओळीवर लिहितात, 'सायं. ७.४० घरी. चपला काढणे.' मग तिच्या वर, 'सायं. ७.३२ लिफ्ट.' तिच्याही वर, 'सायं. ७.२० क्लेमेंटी स्टेशन.' असे एकेक ओळ वर चढत चढत ते सकाळपर्यंत पोचतात, आणि निघायची वेळ सगळ्यात शेवटी, कागदाच्या डोक्यावर, जागा उरली तर लिहितात. एकदा जागा उरली नाही. मग ते गेलेच नाहीत.

हसू नका. मी नऊ वर्षं या माणसाच्या समोरच्या दारात राहते. सिंगापूरला, क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडे आम्ही, उजवीकडे खांबेटे. मी मूळची नाशिकची, इथे नोव्हेनाला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटचं बघते. घाबरलेली माणसं दिवसाला पन्नास बघते मी. पण त्यांना निदान कशाची तरी भीती असते. काकांना आधी भीती वाटते, कशाची ते नंतर ठरतं.

त्यांचाही दोष नाही म्हणा. काका जहाजांच्या विम्याच्या कंपनीत होते. काय काय बिघडू शकतं याची यादी करणं, हेच काम. जहाज बुडेल, आग लागेल, तांदूळ भिजेल, कप्तान आजारी पडेल, बंदरात संप होईल. सव्वीस वर्षं माणूस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हाच विचार करत बसला, तर त्याचं दुसरं काय होणार? रिटायर झाल्यावर जहाजं गेली आणि यादी राहिली.

त्यांची दोन आवडती वाक्यं आहेत. खरं तर एक शब्द आणि एक प्रश्न. शब्द म्हणजे 'समजा'. समजा लिफ्ट बंद पडली. समजा हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवरच्या, भाजीत मासळीचा रस पडला. आणि प्रश्न म्हणजे 'परतीचं काय?' तुम्ही त्यांना लग्नाचं आमंत्रण द्या, गणपतीला बोलवा, नाटकाचं तिकीट द्या, पहिला प्रश्न तोच. मंडळाच्या नाटकाला ते नेहमी कडेच्या खुर्चीवर बसतात, आणि पडदा वर जायच्या आत बाहेर पडायची दारं मोजून येतात. आमची मुलगी इरा त्यांना 'समजा अंकल' म्हणते. एकदा तोंडावर, इथल्या पोरांच्या बोलीत, म्हणाली, "रिलॅक्स लाह, अंकल." काकांनी तिला अगदी मनापासून विचारलं, की रिलॅक्स झाल्यावर काही झालं तर काय करायचं. पोरगी उठून अभ्यासाला बसली. हे आमच्याकडे फार क्वचित घडतं.

मलेशियातल्या मलाक्काच्या सहलीचा विषय तर आमच्या मराठी मंडळात अजून निघतो. कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण आखणी काकांकडे दिली. दोन बस, ऐंशी माणसं, पहाटे निघालो, मलाक्काला पोचलो, जेवलो. बायका नुकत्या बाजारात शिरल्या होत्या, तोच काका शिट्टी वाजवत आले. समजा कॉजवेवर, म्हणजे सीमेवरच्या पुलावर, गर्दी झाली! समजा पासपोर्टच्या रांगेत दोन तास गेले! झालं, आम्ही पळतपळत बसमध्ये. कॉजवेवर चिटपाखरू नव्हतं. दुपारी चारला घरी. चाळीस मिनिटं मलाक्का बघितलं मी, त्यातली वीस बाथरूमच्या रांगेत. त्या दिवशी मी काकांना इतकं बोलले, की शिरीष, म्हणजे माझा नवरा, मला गप्प करायला आला. काका मात्र खूश होते. ऐंशी गेले, ऐंशी परत आले, म्हणाले.

मुक्कामाची सहल त्यांनी आयुष्यात केली नाही. पुण्याला जातात, पण ते घरातून निघून घरात. फिरायला म्हणून जायचं ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एवढंच. आणि जाण्याआधी, मग ते पुलापलीकडे जोहोर बारूला भाजी आणायला जाणं का असेना, आखणीच्या तीन प्रती निघतात. एक त्यांच्या शर्टाच्या खिशात, एक फ्रिजवर, आणि एक आमच्या दाराखालून आत. काका म्हणायचे, समजा आम्ही परत आलो नाही, तर कुठून शोधायला सुरुवात करायची हे कुणाला तरी माहीत हवं. पहिल्यांदा तो कागद दाराखालून सरकत आला तेव्हा मला वाटलं पेस्ट कंट्रोलची नोटीस असेल.

उषाकाकू या सगळ्याला पोट धरून हसायच्या. त्यांना भीती हा प्रकारच नव्हता. काका बसचा नंबर ताडून बघेपर्यंत त्या बसमध्ये चढून बसलेल्या असायच्या आणि शेजारच्या चिनी आजीबाईंशी खाणाखुणांनी गप्पाही सुरू झालेल्या असायच्या. म्हणायच्या, "अगं मेघना, लग्नात यांनी मला हार घालायच्या आधी मांडवातून बाहेर जायचा रस्ता बघून ठेवला होता." काका शेजारी बसून म्हणायचे, मांडव कापडी होता, आत होम पेटलेला होता. आता याला काय बोलणार?

तर अशा उषाकाकूंचं एक छोटंसं ऑपरेशन ठरलं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. मीच डॉक्टर सुचवले होते. आदल्या दिवशी आमच्या दाराखालून कागद आला. तळाची ओळ होती, 'सायं. ६.१० घरी. उषाला मऊ भात.' कुणाची काही चूक झाली नाही, हे मी त्याच धंद्यात असल्यामुळे सांगू शकते. हजारात एखाद्याला होतं तसं झालं, रक्तस्राव थांबेना, आणि पाचव्या दिवशी काकू गेल्या. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो फेकायची माझी हिंमत होत नाही, आणि बघायचीही होत नाही.

त्यानंतर काका वर्षभर क्लेमेंटीच्या बाहेर पडले नाहीत. मार्केट, देवाची फुलं, खाली बाकावर बसून एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, संपलं. भीती आधी विनोदी होती. आता तिच्याकडे बघवत नव्हतं. दाराची कडी लावून पुन्हा उघडून पुन्हा लावल्याचा आवाज मला आमच्या घरात ऐकू यायचा, तीन तीन वेळा. मला खरं सांगायला लाज वाटत नाही, ती भीती मलाही लागली. शिरीष ऑफिसातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी लिफ्टपाशी जाऊन उभी राहायचे. इराला मी इतके फोन करायला लागले, की तिनं एक दिवस फोनच बंद करून ठेवला, आणि मग तर विचारूच नका.

आता अनघाकडे येते. अनघा ही काकांची एकुलती एक मुलगी, तिशीची, फ्रान्समध्ये बोर्दोला असते. द्राक्षांच्या मुळांवर, मुळांभोवतीच्या मातीवर काहीतरी संशोधन करते. सात वर्षं झाली तिला तिकडे. वाइनच्या गावात राहणारी मुलगी आणि बाप असा, की खोकल्याच्या औषधातही अल्कोहोल आहे का ते वाचून घेतो.

तिचा फोन दर रविवारी असायचा, आपल्याकडे दुपारचे चार, तिच्याकडे सकाळ. मी कित्येकदा त्या वेळी तिथेच बसलेली असायचे, काकूंचा चहा पीत. फोन लावायचे काका. स्पीकरवर टाकायचे काका. मग खाकरायचे आणि म्हणायचे, ठीक? थांब, आईला देतो. एवढं झालं की ते पेपर उघडून त्याच्याआड जायचे. पुढचा तासभर मायलेकी बोलायच्या. लहान मुलगी असल्यापासून बापलेकीचं बोलणं हे असंच, आईकडून जाणारं. तापानं फणफणली तरी आईला सांगायची, आणि पहिला नंबर आला तरी आईलाच. घराघरांत असतं हे, आमच्या वडिलांशी मी तरी कुठे बोलले?

काकू गेल्यावर फोन चालू राहिला. पण द्यायला कुणी नव्हतं. अनघा दिवसकार्याला आली होती, पंधरा दिवस राहिली, आणि त्या पंधरा दिवसांत ती दोघं घरात एकमेकांना वाट देत फिरत होती. परत गेल्यावर दर रविवारी चार वाजता काका तिला इथलं तापमान सांगायचे. एकतीस. ती तिथलं सांगायची. सिंगापूरचं तापमान वर्षभर एकतीसच असतं हो, त्यात सांगण्यासारखं काय आहे? मग जेवलीस का, जेवले, बरं. दीड मिनिट. मी घड्याळ लावून बघितलंय.

तिनं त्यांना तिकडे बोलावलं. पहिल्यांदा काकांनी तिकीट काढलं आणि रद्द केलं, पॅरिसला गाडी बदलायची होती म्हणून. दुसऱ्यांदा काढलं आणि रद्द केलं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही. तिसऱ्यांदा एप्रिलचं तिकीट तिनंच काढून पाठवलं आणि मला फोन केला. रडत नव्हती, त्यापेक्षा वाईट, अगदी शांत होती. म्हणाली, "मेघनाताई, या वेळी बाबा आले नाहीत तर मी परत विचारणार नाही. त्यांना यायचं नाहीये हे मला कळलंय, फक्त त्यांनी एकदा सांगावं." मी म्हटलं, येतील गं, मी पाठवते, विमानात बांधून पाठवते. फोन ठेवला आणि वाटलं, हे काय बोलून बसले. कारण मला माहीत होतं, हा माणूस जाणार नाही. आणि या वेळी गेला नाही, तर या घरात तो रविवारचा दीड मिनिटाचा फोनसुद्धा राहणार नाही.

पण काकांनी आखणी सुरू केली! पंधरा दिवस त्यांच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळत होता. फ्रेंच रेल्वेची वेळापत्रकं छापून आणली, चष्म्याचा नंबर बदलून घेतला. फ्रेंच शब्द कसे म्हणायचे ते इराकडून फोनवर लावून घेऊन ऐकलं. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. आणि मग निघायच्या आठवडाभर आधी आमच्या दाराखालून आखणी आत आली. सरकेचना. अकरा पानं होती, शेवटी मी दार उघडून घेतली.

दहा दिवस, बोर्दोहून दहा सहली, सगळ्या एका दिवसाच्या. प्रत्येक पानाच्या तळाशी, 'सायं. ७.४० परत बोर्दो.' प्रत्येक पानाच्या डोक्यावर, 'सकाळी ७.१५ निघणे.' अकराव्या पानावर एका चौकटीत, 'वाइन दिल्यास: नों, मेर्सी. पुन्हा दिल्यास: हात जोडणे.' मी हसत हसत वाचत होते, आणि मग मला प्रत्येक पानावर कोपऱ्यातली ती ओळ दिसली. 'प्रवासी: १.'

एक. अनघाचं नाव फक्त रात्री होतं. 'रात्रौ ८ अनघाकडे जेवण. ९ झोप.' लेकीनं दहा दिवसांची रजा टाकलीय, हे त्यांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं. आणि हे गृहस्थ दहाच्या दहा दिवस सकाळी सव्वासातला घराबाहेर!

बरं, गावं तरी कुठली निवडावीत? मी नाशिकची, द्राक्षाचं मला कुणी शिकवू नये. माझ्या चुलत्यांचा मळा आहे, वाइनवाल्यांना द्राक्षं घालतात ते. मी नेटवर बघितलं, बोर्दोला गेलेला माणूस कुठे जातो. वाड्यांसारखी मोठमोठी घरं, तळघरात पिंपं, डोंगरावरचं दगडी गाव, वाळूची टेकडी. काकांच्या कागदावर यातलं काहीही नव्हतं. पहिला दिवस, लिबूर्न. 'स्टेशनवरील बाक, फलाट २. बसणे, ४० मिनिटे.' आणि परत! तिसरा दिवस, लाँगों नावाचं गाव. 'मळा, बाहेरून. दवाखाना, बाहेरून.' पाचवा दिवस, ब्लाय. 'बोटीचा धक्का. बसणे, ५५ मिनिटे.' आठव्या दिवशी आर्काशों, समुद्रकाठ. तिथे साडेबाराला लिहिलं होतं, 'कालवं, १ नग.'

कालवं! ज्या माणसानं जन्मात अंडं खाल्लं नाही, जो हॉकर सेंटरमध्ये भांडं वेगळं आहे ना म्हणून चार वेळा विचारतो, तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर बसून शिंपल्यातला जिवंत प्राणी खाणार? एक नग? मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. मला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. दवाखान्यात बघते ना मी, जोडीदार गेल्यावर माणसं कशी हळूहळू सुटत जातात. अनोळखी गावात, भाषा येत नाही, मधुमेहाच्या गोळ्या खिशात, आणि हा माणूस फलाटावर चाळीस मिनिटं नुसता बसणार. समजा चक्कर आली. समजा गोळी घ्यायची राहिली. बघा, मीसुद्धा समजा म्हणायला लागले.

तशीच तावातावानं समोर गेले. काका, म्हटलं, लेक रजा टाकून बसलीय आणि तुम्ही फलाटावर बसायला चाललात? काका इस्त्री करत होते. म्हणाले, तिला त्रास नको, तिची कामं असतात. मी म्हटलं, रजा टाकलीय, कामं कसली? त्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, प्लग काढला, प्लग काढलाय का ते बघितलं. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवसभर घरात बसून मी तिच्याशी बोलणार काय, मेघना? बोलायचं ते उषा बोलायची. दहा दिवस माझ्यासमोर बसली तर तिला कळेल, माझ्याकडे काही नाहीच आहे."

मला इतका राग आला, आणि इतकं वाईटही वाटलं, की मी तडक घरी आले आणि गवारीच्या शेंगा मोडत बसले.

रविवार आला. बुधवारी विमान होतं. पावणेचारला काका आमच्या दारात, इस्त्रीचा शर्ट, चेहरा पांढराफटक. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप आहे म्हणे, आठवड्यातून दोन दिवस गाड्या बंद. त्यांनी छापून आणलं होतं. दहापैकी तीन सहली बसत नव्हत्या, आणि चौथीची परतीची गाडी पक्की नव्हती. नाही जमणार, म्हणाले. रद्द करतो. फक्त एवढं कर, अनघाला तू सांग. तुला नीट सांगता येतं.

लेकीचं शेवटचं बोलावणं, आणि नकारही स्वतः देता येईना, तोसुद्धा दुसऱ्या बाईच्या तोंडून पाठवायचा. अनघानं घातलेली अट मी त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकली. आता नाही गेलात तर ती परत विचारणार नाही, म्हटलं. काका सोफ्याच्या कडेवर बसले. पण तोंडातून निघालं तेच, तू सांग.

चार वाजले होते. मी फोन लावला. अनघा आली. हॅलोच्या सुरातच होतं, की तिनं ओळखलंय. म्हणाली, नाही येत ना? नाही येत म्हणायचं तर जीभ वळेना, येतात म्हणायचं तर खोटं. मग काय करायचं म्हणून मी समोर पडलेली ती अकरा पानं उचलली आणि म्हटलं, थांब, तुझ्या बाबांनी काय आखणी केली होती ते तरी ऐक, तेवढीच करमणूक. खरं तर मला वेळ काढायचा होता. दुसरं काही सुचत नव्हतं.

वाचायला लागले. लिबूर्न, फलाट दोन, बाकावर बसणे. लाँगों, मळा बाहेरून, दवाखाना बाहेरून. ब्लाय, बोटीचा धक्का, पंचावन्न मिनिटं. मला वाटलं लाइन तुटली. आर्काशों, म्हटलं, आणि ऐक, कालवं, एक नग.

पलीकडून आवाज आला, तो मी ओळखलाच नाही, इतका बारीक होता. "ताई, ही नावं त्यांना कुणी सांगितली?"

मला काय माहीत? आणि मग ती तुटक तुटक बोलायला लागली. पहिल्या वर्षी चुकीच्या गाडीत बसून ती लिबूर्नला उतरली होती. भाषा येत नव्हती, फलाटावरच्या बाकावर बसून रडली होती, एका म्हातारीनं तिला अर्धं सँडविच दिलं होतं. लाँगोंला ती द्राक्षं तोडायला गेली होती, तिथे कात्रीनं बोट कापलं आणि तीन टाके पडले. कालवं तिनं मैत्रिणींबरोबर खाल्ली होती आणि आईला बजावलं होतं, की बाबांना सांगू नकोस. आणि ब्लायच्या धक्क्यावर, ती म्हणाली, एक मुलगा होता ताई, ते सगळं संपलं त्या दिवशी मी तिथे बसले होते. हे जगात फक्त आईला माहीत होतं. फोनवर सांगितलं होतं. आणि बाबा तर पेपर वाचत असायचे.

मी फोन छातीशी धरला आणि काकांकडे वळले. त्यांना तिचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण माझं तोंड बघून काय ते कळलं असावं. मी विचारलं, काका, ही गावं कुठून काढलीत? ते जमिनीकडे बघत होते.

"मी पेपर वाचत नव्हतो," काका म्हणाले. "ती कुठे कुठे एकटी बसली होती, ते एकदा बघून यावं म्हटलं. तेव्हा कुणी गेलं नव्हतं."

मी बाई रडकी नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करणारीला ते परवडत नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोरची पानं धूसर झाली. इतकी वर्षं हा माणूस त्या पेपरामागे बसून एकेक गावाचं नाव लक्षात ठेवत होता, आणि आम्ही सगळे त्याला हसत होतो. मी फोन त्यांच्यासमोर धरला. अनघा आहे, म्हटलं. तुमच्याशी बोलायचंय.

त्यांनी फोन घेतला. आणि घेतल्या घेतल्या सवयीनं मागे वळून बघितलं, कुणाला द्यायचा म्हणून. मागे आमचं कपाट होतं. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

ठीक? असं म्हणाले, आणि खाकरले. मी तापमानाची वाट बघत होते. पलीकडून ती बराच वेळ काहीतरी बोलत होती, मला नुसती कुजबुज ऐकू येत होती. काका मान हलवत होते. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. मध्येच म्हणाले, हो, तीन टाके, उजव्या हाताचं बोट. मग म्हणाले, नाही, रागावलो नव्हतो. त्यांनी माझ्यासमोरची पानं पुढे ओढली, पहिलं पान वर घेतलं आणि त्यावर बोट ठेवून बसले. मलाक्काहून ऐंशी माणसं परत आणतानाही मी त्यांना इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"समजा," काका म्हणाले, आणि थांबले. मग एका दमात म्हणाले, "समजा मी तुझंही तिकीट काढलं, तर येशील?"

तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

"पण सव्वासातला निघावं लागेल," ते थोड्या वेळानं म्हणाले. "तुला सकाळी जाग येत नाही. उषाच उठवायची तुला."

पलीकडून ती काहीतरी बोलली, अगदी थोडंसं.

"बरं," काका म्हणाले. "मी उठवीन."